सुपरचार्जर बसवलेल्या एलएस३ इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५, ट्रॉय, मिशिगन

गाडी २०१० सालची शेवरले कॅमारो एसएस आहे, मॅन्युअल गिअरची. तिच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडावेत हे ठरवणारा दांडा (थोडक्यात कॅम), बदलायचा आहे. हा तपशील आधीच नोंदवतो, कारण त्या वर्षी मॅन्युअल गाडीत एलएस३ इंजिन येत असे आणि ऑटोमॅटिक गाडीत एल९९. एल९९मध्ये चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आणि चालत्या इंजिनात कॅमचे टायमिंग मागेपुढे करणारी यंत्रणा असल्यामुळे तिथे कॅम बदलण्याचे काम बरेच वाढते. एलएस३मध्ये यातले काही नाही. ६.२ लिटर, आठ सिलिंडर, बोअर १०३.२५ मिलिमीटर, स्ट्रोक ९२ मिलिमीटर, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या बेचक्यात एकच कॅमशाफ्ट आणि त्यावरून लिफ्टर, पुशरॉड व रॉकर यांच्यामार्फत उघडणारे सोळा व्हॉल्व्ह, असा सरळ मामला आहे. कारखान्यातून निघताना या इंजिनाची शक्ती ४२६ अश्वशक्ती आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधला वायू किती पट दाबतो ते प्रमाण, १०.७ ला १ होते.

गेल्या वर्षी यावर ईटन कंपनीच्या टीव्हीएस रोटरांचा सुपरचार्जर, म्हणजे पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा ढकलणारा पंप, बसवला आहे; तो स्वतःच्या एका फेरीत २.३ लिटर हवा ढकलतो आणि जेमतेम ८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्ट, म्हणजे वातावरणाहून जास्तीचा दाब, देतो. कॅम मात्र मूळचाच राहिला आहे. गाडी खालच्या फेऱ्यांना उत्तम ओढते. पण मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या पुढे बूस्टचा काटा चढत असताना ओढ मात्र सपाट होत जाते, आणि उन्हाळ्यात याच टप्प्यात गाडीचा संगणक नॉकिंगमुळे (सिलिंडरमधले मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) इग्निशन मागे घेताना, म्हणजे ठिणगी उशिरा देताना, नोंदीत दिसतो.

नव्या कॅमकडून काय हवे, ते आधी ठरवून ठेवतो. गाडी ऑफिसला नेतो, त्यामुळे सिग्नलला उभी असताना इंजिन स्थिर चालले पाहिजे, एसी लावल्यावर दचकता कामा नये आणि ब्रेक नेहमीसारखे लागले पाहिजेत. धूर शुद्ध करणारे दोन्ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहतील. मिशिगनमध्ये गाडीची नियमित धूर-तपासणी होत नाही, पण ते काढण्यास केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि माझीही तशी इच्छा नाही. कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी हे काम करण्याआधी आपल्या सुट्या भागाला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक आहे का, ते पाहावे. इंजिनाच्या फेऱ्या ६५०० च्या वर नेणार नाही.

२६ जानेवारी २०२५

कॅमची सूचिपत्रे उघडण्यापूर्वी एक हिशेब मांडला, कारण माझ्या मते सुपरचार्जरच्या कॅमबद्दलचा बराचसा गोंधळ या हिशेबाअभावी होतो.

हे इंजिन दोन फेऱ्यांत ६.२ लिटर, म्हणजे एका फेरीत ३.१ लिटर हवा घेऊ शकते. सुपरचार्जर क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) १.९ पट वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकच्या एका फेरीत तो २.३ गुणिले १.९, अर्थात सुमारे ४.३७ लिटर हवा पुढे ढकलतो. रोटरांच्या फटींतून थोडी हवा मागे गळते हे धरले, तरी दर फेरीला किती हवा मिळणार, हे प्रामुख्याने पुलीच्या जोडीने ठरवलेले आहे, कॅमने नव्हे. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात मोठा कॅम अधिक हवा आत घेतो आणि म्हणून शक्ती वाढते. इथे हवा आधीच मोजून दारात आणून ठेवलेली आहे. ती सिलिंडरमध्ये शिरताना जेवढी अडते, तेवढा दाब मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) साचतो आणि तोच काट्यावर बूस्ट म्हणून दिसतो.

याचा अर्थ असा की चांगला कॅम बसवल्यावर बूस्टचा आकडा खाली आला पाहिजे. बरेच जण तो खाली आलेला पाहून घाबरतात आणि लगेच लहान पुली बसवतात. माझ्या अंदाजाप्रमाणे काटा एक-दीड पीएसआय उतरावा. तेवढ्याने सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा सहा-सात अंश सेल्सिअसने कमी तापेल. पट्ट्यावर वाचणारी शक्ती मात्र तीन-चार अश्वशक्तींहून अधिक नसेल; तिच्यासाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही. खरा फायदा दुसरीकडे आहे, तो पुढच्या नोंदींत येईलच.

हे सारे दर फेरीला ठरावीक हवा ढकलणाऱ्या रूट्स किंवा स्क्रू जातीच्या ब्लोअरला, म्हणजे सुपरचार्जरला, लागू आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या सेंट्रिफ्यूगल ब्लोअरची हवा दाबानुसार पुष्कळ बदलते, आणि एक्झॉस्टच्या वायूवर फिरणाऱ्या टर्बोमध्ये एक्झॉस्टचा दाब हा निराळाच प्रश्न असतो. म्हणून ‘बूस्टचा कॅम’ असे एकच नाव देऊन तिघांना एकच माल विकला जातो तेव्हा थोडे सावध राहावे.

८ फेब्रुवारी २०२५

आज ओव्हरलॅपचा विचार केला. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधी इंटेकचा उघडू लागतो, तो काळ म्हणजे ओव्हरलॅप. साध्या इंजिनात, विशेषतः लांब नळ्यांचे हेडर (एक्झॉस्टच्या स्वतंत्र नळ्या) असतील तर, बाहेर धावणाऱ्या वायूच्या ओढीने नवी हवा आत खेचली जाते, म्हणून तिथे ओव्हरलॅप हवासा असतो. ब्लोअर असला की मॅनिफोल्डमधला दाब एक्झॉस्टपेक्षा जास्त असतो आणि पुढचे-मागचे दार एकाच वेळी उघडे टाकल्यावर घरातून वारा जावा, तशी हवा थेट सायलेन्सरच्या वाटेला लागते. त्यामुळे ज्वलनकक्षातला जळका वायू धुऊन निघतो हे खरे. परंतु या इंजिनात पेट्रोल इंटेकच्या वाटेतच फवारले जात असल्याने हवेबरोबर तेही न जळता पुढे जाते आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन तापते.

ओव्हरलॅप काढण्याची रीत सोपी आहे. इंटेक आणि एक्झॉस्ट यांच्या ड्युरेशनची, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो त्या आकड्यांची, सरासरी घ्यायची आणि त्यातून लोब सेपरेशनची, म्हणजे कॅमवरच्या इंटेक व एक्झॉस्टच्या उंचवट्यांच्या (लोबच्या) मध्यांमधल्या कोनाची, दुप्पट वजा करायची. मी सर्व आकडे लिफ्टर ०.०५० इंच उचलला जातो त्या बिंदूपासून मोजलेले घेतो, कारण त्याच आकड्यांवर दोन कारखान्यांचे कॅम शेजारी ठेवून पाहता येतात.

मूळच्या एलएस३ कॅमचे ड्युरेशन इंटेकला २०४ आणि एक्झॉस्टला २११ अंश, लोब सेपरेशन ११७. ओव्हरलॅप उणे २६.५ अंश. याच ६.२ लिटरच्या कुळातली, कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन आलेली दोन इंजिने आहेत. पैकी एलएसए हे २०१२ पासूनच्या कॅमारो झेडएल१ मध्ये ५८० अश्वशक्तीचे होते. त्याचा कॅम १९८ आणि २१६, सेपरेशन १२२.५, ओव्हरलॅप उणे ३८. दुसरे एलएस९, २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ मधले, ६३८ अश्वशक्तीचे. त्याचा कॅम २११ आणि २३०, सेपरेशन पुन्हा १२२.५, ओव्हरलॅप उणे २४.५.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा पाहिले. एलएसएच्या कॅममध्ये इंटेकचे ड्युरेशन साध्या एलएस३ पेक्षाही सहा अंशांनी कमी आहे, तरीही ते इंजिन दीडशेहून अधिक अश्वशक्ती जास्त देते. हवा भरण्याचे काम ब्लोअर करत असल्यामुळे इंटेकला जादा वेळ देण्याची कारखान्याला गरज वाटली नाही. दोन्ही इंजिनांत वाढवलेली आहे ती एक्झॉस्टची बाजू. एका ठिकाणी इंटेकपेक्षा १८ अंशांनी, दुसऱ्या ठिकाणी १९ अंशांनी. मूळच्या एलएस३मध्ये हा फरक केवळ ७ आहे.

कारण हेडमध्येच (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागात) दिसते. एलएस३चा इंटेक व्हॉल्व्ह २.१६५ इंचांचा म्हणजे ५५ मिलिमीटरचा आहे, एक्झॉस्टचा १.५९ इंचांचा. क्षेत्रफळ काढले तर एक्झॉस्टचे दार इंटेकच्या ५४ टक्के भरते. आत ढकललेली सारी हवा जळून, तापून, फुगून याच दाराने बाहेर जायची असते, आणि इथे तिला ढकलायला ब्लोअर नसतो. ते काम वर येणाऱ्या पिस्टनला करावे लागते आणि त्याची किंमत क्रँक मोजतो. साडेपाच हजारांनंतर माझी गाडी सपाट होते, तिचे मूळ मला इथे दिसते. शिवाय बाहेर न पडलेला तप्त वायू पुढच्या भरणात मिसळतो आणि नॉकिंगला आमंत्रण देतो.

१५ फेब्रुवारी २०२५

तीन पर्याय समोर ठेवले आहेत. पहिला, एलएस९चा कारखान्याचा कॅम. तो स्वस्त आणि सहज मिळणारा आहे आणि ब्लोअर किंवा टर्बो लावणाऱ्या मंडळींत त्याचे नाव चांगले आहे. घेताना पुढचा स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) एका बोल्टने बसतो की तीन, एवढे मात्र जुळवून पाहावे लागते. दुसरा, ब्लोअरसाठी घासून घेतलेला २१९ आणि २३५ अंशांचा, सेपरेशन ११९, चार अंश पुढे घेतलेला, म्हणजे व्हॉल्व्हच्या वेळा तेवढ्या आधी आणलेला. ओव्हरलॅप उणे ११. तिसरा, एका विक्रेत्याने फोनवर अतिशय आत्मविश्वासाने सुचवलेला २३१ आणि २३९, सेपरेशन ११२; ओव्हरलॅप अधिक ११.

तिसऱ्याचा आवाज सुंदर आहे, हे मान्य केले पाहिजे. सिग्नलला उभ्या गाडीचा तो अडखळता, घोड्याने जागच्या जागी टाप मारावी तसा ठेका ऐकायला ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर लोक खुर्च्या टाकून बसतात. पण तो ठेका म्हणजे मॅनिफोल्डमध्ये परत आलेला जळका वायू असतो, आणि त्याने उभ्या इंजिनातला निर्वात दाब घटतो. या निर्वात दाबावर ब्रेकचा बूस्टर चालतो, हे सर्वांना ठाऊक असते. सुपरचार्जरची बायपास झडपही त्यावरच चालते, हे मात्र विसरले जाते. सावकाश जाताना ही झडप उघडी राहून हवा ब्लोअरमध्येच फिरवत ठेवते, म्हणून ब्लोअर तापत नाही आणि पेट्रोल उगाच जळत नाही. निर्वात दाब अपुरा पडला की झडप अर्धवट मिटते, आणि शहरात संथ चालतानाही ब्लोअर उगाच हवा दाबत बसतो. तिसरा पर्याय इथेच संपला.

एलएस९ आणि दुसरा पर्याय यांच्यात मन बराच वेळ अडले. एलएस९चे कॉम्प्रेशन ९.१ ला १ आहे, पिस्टन फोर्ज केलेले आहेत आणि बूस्ट साडेदहा पीएसआय आहे. माझ्याकडे ओतीव पिस्टन आणि १०.७ ला १ कॉम्प्रेशन आहे. म्हणजे बूस्ट वाढवायला वाव नाही आणि नॉकिंगची सीमा जवळ आहे. इथे मिळणारे सर्वांत चांगले पेट्रोल ९३ ऑक्टेनचे असते. भारतातल्या वाचकांनी हा आकडा पुण्यामुंबईच्या पंपावरच्या ९५ शी थेट ताडून पाहू नये. तो तिकडे रिसर्च ऑक्टेनचा असतो, अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन आकड्यांची सरासरी लिहितात, म्हणून इथला ९३ वास्तविक तिथल्या ९५ हून वरचा आहे. अशा इंजिनात इंटेक जरा उशिरा मिटला तर पिस्टन वर येताना खरे दाबणे उशिरा सुरू होते आणि खालच्या-मधल्या फेऱ्यांना नॉकिंगला थोडी मोकळीक मिळते. दुसऱ्या पर्यायात इंटेक तळबिंदूनंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो त्या बिंदूनंतर) ४४.५ अंशांनी मिटतो. एक्झॉस्ट तळबिंदूच्या ६०.५ अंश आधी उघडतो, म्हणजे बराचसा वायू स्वतःच्या दाबानेच निसटून जाईल आणि पिस्टनचे काम हलके होईल. ज्वलनाचा शेवटचा थोडा जोर त्यात वाया जातो, परंतु वरच्या फेऱ्यांना हा व्यवहार फायद्याचा आहे. २१९/२३५ निश्चित केला.

१ मार्च २०२५

कॅम आला. व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे तो किती उचलला जातो ते अंतर, दोन्ही बाजूंना ०.५९५ इंच आहे. मूळची लिफ्ट इंटेकला ०.५५१ आणि एक्झॉस्टला ०.५२२ होती, त्यामुळे स्प्रिंगा बदलणे ओघानेच आले.

स्प्रिंग निवडताना लिफ्टइतकाच दुसरा एक हिशेब लागतो. इंटेक व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याच्या पाठीवर बूस्टचा दाब असतो आणि तो व्हॉल्व्हला उघडण्याच्या दिशेने रेटतो. व्हॉल्व्हचे क्षेत्रफळ ३.६८ चौरस इंच आणि दाब ८ पीएसआय, म्हणजे सुमारे २९ पौंड. मिटलेल्या अवस्थेत मूळची स्प्रिंग साधारण ९० पौंडांनी व्हॉल्व्ह दाबून धरते. त्यातले २९ बूस्टनेच खाल्ले, तर ६५०० फेऱ्यांना व्हॉल्व्ह आपल्या आसनावरून उसळणार नाही याची खात्री कशी द्यावी? मिटलेल्या अवस्थेत १३० पौंडांची, ०.६०० पर्यंतच्या लिफ्टची बीहाइव्ह (वर निमुळती होत जाणारी) स्प्रिंग मागवली. त्याहून जाड दुहेरी स्प्रिंगचा मोह टाळला, कारण अनावश्यक दाब शेवटी लिफ्टरच्या रोलरलाच सोसावा लागतो. रॉकरच्या मधल्या सुईबेअरिंगांच्या जागी बुश बसवण्याचा संचही याच खेपेत घेतला.

२२ मार्च २०२५

रेडिएटर, पट्टे, पाण्याचा पंप, क्रँकची पुली आणि पुढचे झाकण उतरवले. ब्लोअर जागेवरच ठेवता आला, हे या इंजिनाचे मोठे उपकार आहेत. यातले लिफ्टर प्लास्टिकच्या पाळ्यांत, म्हणजे त्यांना धरून ठेवणाऱ्या साच्यांत, चार-चार बसवलेले असतात. रॉकर आणि पुशरॉड काढून कॅम हाताने काही वेळा पूर्ण फिरवला की लोब लिफ्टरना वर ढकलतात, आणि ते त्या पाळ्यांच्या पकडीत वरच अडकून राहतात; म्हणून हेड न उघडता कॅम पुढून ओढून काढता येतो. पाळी झिजलेली असेल तर मात्र लिफ्टर घसरून खाली तेलाच्या टाकीत जाऊ शकतो. यासाठी ब्लॉकच्या पुढच्या बाजूने, कॅमच्या वर दोन्हीकडे असलेल्या भोकांतून ५/१६ इंचाच्या दोन लांब सळया सरकवून ठेवल्या. त्या आत जाताना प्रत्येक लिफ्टरखालून किंचित खरखर लागते, तीच सगळे वर असल्याची खूण.

कॅमच्या तोंडाशी लांब बोल्ट आवळून त्याची मूठ केली आणि कॅम फिरवत फिरवत बाहेर घेतला. पाचही जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे कॅमचे गोल भाग) एकाच मापाचे असल्यामुळे लोबची कड बेअरिंगवर घासण्याची भीती असते. इथे घाई चालत नाही. नवा कॅम तेल लावून त्याच रीतीने आत गेला.

२९ मार्च २०२५

कॅमबरोबर आलेल्या कागदावरचे आकडे इंजिनात तसेच उतरले आहेत का, ते तपासले. क्रँकला अंशांची चकती लावली, पिस्टन-स्टॉपने खरा शिरोबिंदू (पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू) काढला आणि पहिल्या सिलिंडरच्या इंटेक पुशरॉडवर डायल गेज ठेवला. गेजचा काटा ०.०५० इंचांवर आला तेव्हा चकती शिरोबिंदूनंतर ५ अंश दाखवत होती; मिटताना तोच काटा ०.०५० वर परतला तेव्हा तळबिंदूनंतर ४४, म्हणजे शिरोबिंदूपासून २२४ अंश. दोन्हींतले अंतर २१९, ड्युरेशन बरोबर. मध्यबिंदू ११४.५, कागदावर ११५ आहे. अर्ध्या अंशाचा फरक चेन आणि स्प्रॉकेट यांच्या घडणीतला आहे, तो तसाच ठेवला.

मग त्याच सिलिंडरला हलक्या तपासणीच्या स्प्रिंगा लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर मोजले. स्प्रिंग हलकी असल्यामुळे हायड्रॉलिक लिफ्टर आत दबत नाही आणि माप खरे येते. शिरोबिंदूच्या आसपास दोन-दोन अंशांवर थांबून व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत दाबायचा आणि गेज वाचायचा, असे हे कंटाळवाणे काम आहे. कमीत कमी अंतर इंटेकला ०.११५ आणि एक्झॉस्टला ०.१३० इंच मिळाले. इंटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० ही सर्वमान्य किमान मर्यादा असल्याने दोन्हीकडे जागा आहे. शिरोबिंदूजवळ व्हॉल्व्ह जवळजवळ मिटलेलेच असतात, हा रुंद सेपरेशनचा आणखी एक फायदा.

६ एप्रिल २०२५

स्प्रिंगा बदलल्या. एकेक पिस्टन शिरोबिंदूवर आणून मगच त्या सिलिंडरच्या स्प्रिंगा सोडल्या, म्हणजे व्हॉल्व्ह सुटला तरी पिस्टनवरच टेकतो. झाकण बंद केले.

या इंजिनात क्रँकच्या पुलीला चावी (ती घसरू नये म्हणून घालायची खिट्टी) नसते, ती केवळ घट्ट बसवणीवर टिकते. ब्लोअरचा पट्टा तिच्यावर मोठा भार टाकतो, म्हणून साच्याच्या साहाय्याने क्रँक आणि पुली यांच्या सांध्यात भोके पाडून पिना बसवल्या. मधला बोल्ट एकदाच वापरण्याचा असतो: जुन्या बोल्टने २४० फूट-पौंडांवर पुली पूर्ण बसवायची, तो काढून नवा घालायचा, ३७ फूट-पौंड आणि त्यानंतर १४० अंश. लांब नळी पान्याला लावल्याशिवाय ते १४० अंश होत नाहीत.

१९ एप्रिल २०२५

इंजिन सुरू झाले. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांना नवा कॅम घातल्यावर पहिली वीस मिनिटे दोन हजार फेऱ्यांवर ठेवावे लागत असे. रोलर लिफ्टरला त्याची गरज नाही. तेलाचा दाब आला, गळती नाही, एवढे पाहून थेट संगणकाच्या कामाला लागलो.

उभ्या इंजिनात मॅनिफोल्डचा दाब पूर्वी ३८ किलोपास्कल होता, आता ४४ आहे. बायपास झडपेचा दांडा पूर्ण ओढलेला दिसतो आणि ब्रेकच्या पेडलमध्ये फरक नाही. फेऱ्या ६५० वरून ७५० केल्या, तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर लागतानाचा झटका गेला. बाहेर उभे राहून ऐकले तर कॅम बदलल्याचे जाणकारालाच कळेल. शेजारचे निवृत्त गृहस्थ, ज्यांची हयात इंजिनांच्या कॅलिब्रेशनमध्ये गेली, त्यांनी थोडे ऐकून ‘आवाजासाठी खर्च केलेला दिसत नाही’ असा शेरा दिला. मी तो प्रशंसा म्हणून घेतला.

१० मे २०२५

रोलरवर, म्हणजे चाके फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, मोजणी झाली. कॅम बदलण्यापूर्वी, याच रोलरवर, मागच्या चाकांना ५२१ अश्वशक्ती आणि ६३०० फेऱ्यांना ८.१ पीएसआय बूस्ट होता. आज ५५८ अश्वशक्ती आणि त्याच फेऱ्यांना ६.९ पीएसआय. दोन हजार ते अठ्ठावीसशे या पट्ट्यात टॉर्क किंचित घटला आहे. तो आलेखावर दिसतो, रस्त्यावर जाणवत नाही, कारण तिथे ब्लोअरमुळे टायरला पेलवेल त्याहून अधिक टॉर्क आधीच होता. साडेचार हजारांपासून दोन्ही रेषा अलग होतात आणि मर्यादेपर्यंत त्यांतले अंतर वाढतच जाते.

नोंदी उलगडल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पूर्वी वरच्या फेऱ्यांना संगणक इग्निशन दोन-तीन अंश मागे घेत होता; आज तशी एकही नोंद नाही. माझ्या मते वाढलेल्या ३७ अश्वशक्तींपैकी मोठा वाटा एक्झॉस्ट मोकळा झाल्याचा आणि या परत मिळालेल्या इग्निशनचा आहे. दिवस थंड होता, म्हणून हे दुसरे विधान जुलैच्या उन्हात पुन्हा तपासल्याशिवाय पक्के मानणार नाही.

२४ मे २०२५

तेल बदलले आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहिला. चुंबकाला काही लागले नाही. रॉकरची झाकणे उघडून नवे बुश आणि स्प्रिंगांची बैठक पाहिली, सर्व ठीक आहे. पहिल्या आणि सातव्या सिलिंडरचे प्लग काढले. पोर्सेलीनवर नॉकिंगचे काळे ठिपके नाहीत.

लहान पुली घालून बूस्ट पुन्हा आठवर न्यावा, अशी सूचना आता जवळच्या दोघा-तिघांकडून आली आहे. काट्यावरचा जुना आकडा परत आणायचा म्हणजे दर फेरीला पूर्वीपेक्षा अधिक हवा आत घालायची, आणि ओतीव पिस्टनांना १०.७ कॉम्प्रेशनवर ती मला घालायची नाही. पुली आहे तीच राहील. पुढचे काम जुलैतले: बाहेर ३० अंशांच्या वर तापमान असताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरची नोंद घेणे आणि इंटरकूलरच्या पाण्याचे तापमान तिच्या शेजारी मांडणे.